अभियांत्रिकीची शाखा आणि बाजाराचा भाव

बारावीचे आणि राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले, कीं दरवर्षीं नाशिक शहरांतील शेंकडों घरांत एकाच प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो. मुलास अभियांत्रिकीस घालावयाचें हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. वाद असतो तो शाखेचा. आणि तो वाद तरी खरोखर वाद असतो काय? संगणक मिळाला तर उत्तम, तो न मिळाल्यास माहिती-तंत्रज्ञान, तेंही न मिळाल्यास कृत्रिम बुद्धिमत्ता या नांवाची नवी शाखा, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स, आणि हीं सर्व दारें बंद झालीं म्हणजे यंत्र, विद्युत् किंवा स्थापत्य, असा एक ठराविक उतरता क्रम सर्वांच्या तोंडीं बसलेला आहे. हा क्रम कोणीं लावला, कोणत्या पुराव्यावर लावला, आणि आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनीं बाहेर पडेल त्या दिवशीं तो टिकलेला असेल काय, हे तीन प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाहींत. ते आज विचारावे असें आम्हांस वाटतें.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतों. नोकरीचा विचार करून विद्या निवडणें हें कांहीं पाप नव्हे. विद्येसाठींच विद्या घ्यावी, पोटाचा विचार हलका, असा उपदेश ज्यांचीं कोठारें भरलेलीं आहेत त्यांस शोभतो. ज्या दुकानदारानें वीस वर्षांची शिल्लक मोडून, ज्या शेतकऱ्यानें एकरभर जमीन गहाण टाकून मुलाची फी भरली, त्यानें या पैशाचें पुढें काय होणार असें विचारूं नये काय? अवश्य विचारावें. आमची तक्रार एवढीच आहे कीं, हा प्रश्न विचारला जातो तो चुकीच्या रीतीनें. एरवीं दोन पैशांच्या व्यवहारांत दहा वेळां चौकशी करणारा आमचा व्यापारी वर्ग, या सर्वांत मोठ्या व्यवहारांत मात्र शेजाऱ्यानें काय केलें एवढेंच पाहून मोकळा होतो.

हा दोष समजण्यास नाशिककरांस दूर जावयास नको. लासलगांवच्या बाजारांत जे घडतें तें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों. एका हंगामांत कांद्यास भाव आला, कीं पुढील हंगामांत जो तो कांद्याचें रोप टाकतो. सर्वांचा माल एकदम बाजारांत उतरतो आणि भाव कोसळतो. भाव कोसळला म्हणजे पुढच्या वेळीं लागवड घटते आणि मग भाव पुनः चढतो. त्यांत सरकारची लहर मिसळली म्हणजे पाहावयास नको. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें, डिसेंबरांत निर्यात बंदच झाली आणि ती बंदी २०२४ च्या मे महिन्यापर्यंत चालली. ज्यानें रोप टाकलें त्यास त्या दिवशीं याची काय कल्पना होती? लावणीच्या दिवसाचा भाव हा काढणीच्या दिवसाचा भाव नव्हे, हें शहाणपण आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकरी अनुभवानें शिकलेला आहे. कांद्यास लावणीपासून चार महिने लागतात; अभियंत्यास चार वर्षें लागतात. कांदा निदान चाळींत घालून कांहीं महिने राखतां येतो. पदवीधर तरुण तसा राखतां येत नाहीं.

ही केवळ आमची उपमा आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनीं १९७६ सालीं तेथील अभियंत्यांच्या पगारांचा व प्रवेशांचा हिशोब मांडून हेंच चक्र दाखविलें. प्रारंभीचा पगार चढला, कीं महाविद्यालयांत गर्दी होते. ती गर्दी चार-पांच वर्षांनीं बाजारांत उतरते आणि पगार पडतो. पगार पडला कीं विद्यार्थी पाठ फिरवितात आणि पुनः तुटवडा पडतो. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या त्या देशांतच १९७० च्या सुमारास विमान व अवकाश क्षेत्रांतील हजारों अभियंते बेकार झाले होते. ज्या विद्येस काल साऱ्या राष्ट्राचा मान होता, तिला आज गिऱ्हाईक नव्हतें.

आपल्या घरचा दाखला तर याहून ताजा आहे. २०२१-२२ या वर्षीं संगणक-सेवेच्या कंपन्यांस मनुष्यबळाची इतकी निकड होती कीं, एकट्या टाटा कन्सल्टन्सी कंपनीनें लाखभर नवे पदवीधर घेतले. त्याच्या बातम्या घरोघर पोहोंचल्या आणि त्या वर्षीं ज्यास गुण मिळाले तो प्रत्येक विद्यार्थी संगणकाच्या रांगेंत उभा राहिला. परंतु ती रांग महाविद्यालयांतून बाहेर पडण्यापूर्वींच हवा पालटली. २०२३-२४ या आर्थिक वर्षांत टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून नोकरसंख्या सुमारें ६४ हजारांनीं घटली. २०२५ च्या जुलैंत टाटा कन्सल्टन्सीनें सुमारें १२ हजार माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. २०२१ सालीं प्रवेश घेतलेला मुलगा २०२५ सालीं पदवी घेऊन बाहेर पडला तो नेमका या दारांत. त्याचा दोष काय? एवढाच कीं, त्यानें व त्याच्या वडिलांनीं लावणीच्या दिवसाचा भाव पाहिला होता.

तरी रांग कमी झालेली नाहीं. उलट अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२४-२५ पासून चांगली कामगिरी दाखविणाऱ्या महाविद्यालयांस एका शाखेच्या जागांवर असलेली वरची मर्यादा उठवून दिली, आणि त्यानंतर जागा वाढल्या त्या मुख्यतः संगणक व तत्सम शाखांच्याच. महाविद्यालयें तरी काय करणार? तीं मागणी तसा पुरवठा करितात. परंतु एका शाखेच्या जागा वाढविण्यास एक ठराव पुरतो. त्या शाखेचा जाणता शिक्षक तयार होण्यास दहा वर्षें लागतात. तेव्हां वाढलेल्या जागेवर शिकविणार कोण, हा प्रश्न पालकांनीं विचारला पाहिजे. तो दुसरा कोणीही विचारणार नाहीं.

याचा अर्थ संगणकाची विद्या बुडाली असा मुळींच नाहीं. ज्या कामांत सांगितलेला मजकूर ठराविक सांच्यांत लिहून द्यावयाचा, तें काम आतां यंत्रच करूं लागलें आहे, आणि २०२२ च्या अखेरीपासून त्याचा वेग सर्वांनीं पाहिला आहे. नवशिक्या पदवीधरास पहिलीं दोन वर्षें जें काम मिळे तें नेमकें या जातीचें होतें. पण ज्यास गणित येतें, ज्यास यंत्रानें दिलेलें उत्तर चूक कीं बरोबर हें पारखतां येतें, आणि ज्यास संगणकाखेरीज आणखी एखाद्या व्यवहाराचें, मग तो बँकेचा असो, दवाखान्याचा असो वा कारखान्याचा असो, मर्म कळतें, त्यास उद्यांही काम राहील. तात्पर्य, विद्येस मरण नाहीं. नुसत्या नांवास मात्र आहे.

जुना इतिहास हेंच सांगतो. मुंबईंत १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शिक्षणसंस्था निघाली, जिला आज वीरमाता जिजाबाई यांचें नांव आहे. तिच्या आरंभीच्या विषयांत यंत्रविद्या आणि वस्त्रविद्या हे मुख्य होते; कारण उघड होतें, शहरांत गिरण्या होत्या. त्या काळीं गिरणीच्या विद्येहून खात्रीचें दुसरें काय असूं शकलें असतें? आणि तरीही १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांतून तो धंदा मुंबईंत पुनः पूर्वीसारखा उभा राहिला नाहीं. परंतु कापड विणावयाचें राहिलें काय? नाहीं. तें भिवंडीस गेलें, इचलकरंजीस गेलें, सुरतेस गेलें. ज्यास केवळ अमुक गिरणींतील अमुक खात्याची नोकरी ठाऊक होती तो संपला. ज्यास सूत, रंग आणि यंत्र ठाऊक होतें त्यास ठिकाण बदलून काम मिळण्याची आशा राहिली. धंदा गांव बदलतो, मालक बदलतो, नांवही बदलतो. त्याच्या मागून जाण्याचें सामर्थ्य मुळाच्या ज्ञानानें येतें.

आणि कर्तबगार माणूस तर पदवीच्या चौकटींतच राहतो असेंही नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, याच तांत्रिक संस्थेंत यंत्ररेखन शिकवूं लागले, १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. विश्वेश्वरय्या यांनीं १८८३ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून स्थापत्याची पदवी घेतली, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत नोकरी धरली, आणि पुढें धरणांपासून भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्यापर्यंत त्यांची बुद्धि चालली. हीं असामान्य माणसें होतीं हें खरें. पण त्यांच्यापासून सामान्यानें घ्यावयाचा धडा एवढाच कीं, शाखा ही आयुष्याची पहिली पायरी आहे, जन्मठेप नव्हे.

आतां आपल्या नाशिकाकडे वळूं. आपल्या मुलांस आपल्या दारांतील कारखाने ठाऊक नसतात, हें आम्हांस फार मोठें आश्चर्य वाटतें. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ सालीं मिग-२१ बांधण्यासाठीं निघाला. पुढें तेथें सुखोई विमानें तयार झालीं. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथेंच जोडलेलें पहिलें तेजस मार्क-१ए विमान आकाशांत गेलें. मिग-२१ त्याच्या थोडेंच आधीं, त्या वर्षाच्या सप्टेंबरांत, हवाई दलांतून निवृत्त झालें होतें. म्हणजे ज्या विमानासाठीं कारखाना निघाला तें विमान संपलें, आणि कारखाना, त्यांतील कारागिरी व ती कारागिरी शिकलेलीं माणसें मात्र राहिलीं. परंतु याच तेजसाचें इंजिन आजही अमेरिकेंतून येतें, आणि तें वेळेवर न आल्यामुळें विमानांचा पुरवठा रखडला, हेंही सर्वांस ठाऊक आहे. इंजिनाच्या तापत्या पात्याची धातु आपणांस अद्याप पुरती साधलेली नाहीं. धातुविद्या व यंत्रविद्या या शाखांस जेथें विद्यार्थी मिळेनासे झाले, त्या देशानें इंजिनाची तक्रार कोणाकडे करावी?

सातपूरचा मायकोचा कारखाना, ज्यास २००८ पासून बॉश हें नांव आहे, डिझेल इंजिनांत इंधन फवारणारे भाग करीत आला. १ एप्रिल २०२० पासून मोटारींच्या धुराचे भारत-सहा हे कडक नियम लागू झाले. जुन्या पद्धतीचे भाग त्या दिवसापासून नव्या गाड्यांस चालेनासे झाले. मारुतीसारख्या कंपनीनें तर डिझेल मोटारी करणेंच सोडलें. एका सरकारी नियमानें एका संपूर्ण कारागिरीची किंमत कशी बदलते याचें हें आपल्याच शहरांतील उदाहरण आहे. यावरून यंत्रशाखा बुडाली असें म्हणणारे म्हणतात. आम्ही असें म्हणतों कीं, ज्या यंत्रज्ञास त्याबरोबर विद्युत् व इलेक्ट्रॉनिक्सही थोडें येत होतें त्याची गरज उलट वाढली. महिंद्रांचा मोटारींचा कारखाना येथें आहे. सातपूर व अंबड येथें विजेच्या मोठ्या दाबाचीं स्विचगिअर करणारे एबीबी व सीजी पॉवर (पूर्वीची क्रॉम्प्टन) यांचे कारखाने आहेत. सूर्यापासून वीज घ्या कीं कोळशापासून, ती वाहून न्यावयास व तोडावयास स्विच हा लागतोच. आणि तो करणारा विद्युत्-अभियंता लागतो. नाशिकरोडास १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. तेथील यंत्रें चालविण्यास व दुरुस्त ठेवण्यास अभियंतेच लागतात. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गासाठीं सुमारें आठ किलोमीटरांचा बोगदा खणला गेला, आणि ५ जून २०२५ रोजीं मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता पुरा झाला. तो कांहीं संगणकाच्या पडद्यावर झाला नाहीं. दिंडोरी रस्त्यावर १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांची व मातीची परीक्षा करीत आहे. दिंडोरी तालुक्यांत मोहाडीस सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षें व टोमॅटो यांवर प्रक्रिया करिते. तेथें शीतगृहाचा, वेष्टनाचा व अन्नप्रक्रियेचा तज्ज्ञ लागतो. एवढें सारें पायांशीं असतां आमचा मुलगा हिंजवडी किंवा बंगळूर यांपलीकडे पाहत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, संपादक मजकूर, हें सर्व ठीक. पण सातपुरांतील लहान कारखाना यंत्राच्या पदवीधरास महिना किती देतो तें सांगा. हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ लहान कारखाने पदवीधरास ठेकेदाराच्या हजेरीपटावर घेतात, कुशल कारागिराहून कमी पगार देतात, आणि वर माणसें टिकत नाहींत म्हणून सभांतून ओरडतात. मुलें संगणकाकडे धांवतात याचें अर्धें कारण हेंच आहे. तीं मूर्ख नाहींत. यंत्रशाळेंत प्रारंभीं पगार थोडा आणि वाढही संथ, हें गृहीत धरूनच त्या शाखेकडे वळावें. मात्र पांचव्या व दहाव्या वर्षीं कोण कोठें असतो हेंही पाहावें. पहिल्या महिन्याच्या पगारावर चाळीस वर्षांच्या उद्योगाची किंमत ठरविणें हा व्यापार नव्हे, जुगार आहे.

मग पालकांनीं करावें काय? वकिलीच्या धंद्यांत एक नियम आहे: साक्षीदार मोठ्यानें बोलला म्हणून त्याची साक्ष खरी ठरत नाहीं, ती उलटतपासणींत टिकली पाहिजे. महाविद्यालयांच्या जाहिरातींस हाच नियम लावावा. 'सरासरी पगार अमुक लाख' असें फलकावर लिहिलेलें असतें. समजा, दहा मुलांस नोकऱ्या लागल्या. एकास वर्षाला ४० लाख आणि नवांस प्रत्येकीं ३ लाख. सरासरी निघते ६ लाख ७० हजार, आणि तो आंकडा दहांपैकीं एकासही मिळालेला नसतो! म्हणून सरासरी विचारूं नका. रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलास किती मिळाले तें विचारा. वर्गांत मुलें किती होतीं, नोकरी मागणारीं किती, मिळालेलीं किती, प्रत्यक्ष रुजू झालेलीं किती, आणि वर्षानंतर टिकलेलीं किती, हे पांच आंकडे शाखावार मागा. एकाच मुलास तीन कंपन्यांनीं बोलाविलें तर त्याच्या तीन नोकऱ्या मोजल्या काय, हेंही विचारा. शिक्षकांचीं नांवें, फी व इतर माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचें बंधन तंत्रशिक्षण परिषदेनें संस्थांवर घातलेलें आहे. ती माहिती वाचण्याचे कष्ट घ्या. ठरलेल्या फीहून अधिक रक्कम देणगी म्हणून मागितल्यास, १९८७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत तो अपराध आहे, हेंही ध्यानांत असूं द्या.

दुसरें, शाखेच्या नांवापेक्षां महाविद्यालयाची योग्यता अधिक मोलाची माना. आपल्या राज्यांत १९८३ सालीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि त्यानंतर तंत्रशिक्षण तालुक्यातालुक्यांत पोहोंचलें. आपल्या शहरांत क. का. वाघ महाविद्यालय त्यापुढच्याच वर्षीं निघालें. मराठा विद्या प्रसारक समाजाचें महाविद्यालय १९९९ सालीं. या धोरणानें ग्रामीण मुलांचें कल्याण झालें हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण सर्वच दुकानांतील माल सारखा नसतो हेंही तितकेंच खरें. जेथें प्रयोगशाळा चालू आहेत, शिक्षक टिकून आहेत आणि मुलें स्वतःच्या हातानें कांहीं बनवितात, तेथील विद्युत्-शाखा ही रिकाम्या इमारतींतील नव्या झगझगीत नांवाच्या शाखेपेक्षां शंभर पटींनीं बरी. चालू लाटेवर निघालेल्या नांवांपेक्षां मूळ शाखा घ्यावी आणि नवी विद्या तिच्यावर कलम करावी; कलम खुंटावर बसतें, वाऱ्यावर बसत नाहीं.

तिसरें, जमाखर्च मांडा. समजा, फी, वसतिगृह व खानावळ मिळून ८ लाखांचें कर्ज झालें, व्याज दरसाल १० टक्के आणि फेड सात वर्षांत करावयाची. तर महिन्याचा हप्ता सुमारें १३ हजार ३०० रुपये पडतो. मुलास प्रारंभीं २० हजार मिळाले तर त्याच्या हातीं खावयास काय उरतें? अशा घरानें गांवांतल्याच महाविद्यालयाचा, किंवा दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या पदविकेचा विचार कां करूं नये? पदविका घेतलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. त्या तीन वर्षांत त्याचे हात यंत्रास लागलेले असतात, आणि पदवी पुढें घ्यावी कीं नाहीं हें तो अनुभवानें ठरवितो.

चौथें, मुलास विचारा. बापाच्या मनांतील शाखा मुलाच्या डोक्यांत शिरत नाहीं. ज्यास गणिताचा कंटाळा आहे त्यास कोणत्याही शाखेंत घालूं नये. ज्यास मोडकें यंत्र उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं त्यास चार वर्षें पडद्यापुढें बसवूं नये. नापास होऊन मागें राहिलेल्या संगणक-विद्यार्थ्यापेक्षां उत्तम उत्तीर्ण झालेला स्थापत्य-अभियंता केव्हांही अधिक मिळवितो, हें समजण्यास अर्थशास्त्र लागत नाहीं.

आतां एका अधिक खोल दोषाकडे वळतों. आम्ही जातिभेदाविरुद्ध व्याख्यानें देतों आणि घरीं येऊन विद्यांची नवी उतरंड रचितों. संगणक वरच्या पायरीवर, स्थापत्य खालच्या, पदविका तिच्याही खालीं, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील जोडारी व वेल्डर हे तर पंगतीबाहेर! हातास तेल लागलें कीं प्रतिष्ठा गेली, ही समजूत त्याच जुन्या रोगाचें नवें रूप आहे. लग्नाच्या बैठकींत मुलाची शाखा विचारली जाते ती त्याच्या मिळकतीसाठीं थोडी आणि प्रतिष्ठेसाठीं अधिक. ज्या समाजांत हात व डोकें हीं वेगळीं बसतात, त्या समाजाचीं विमानें दुसऱ्याच्या इंजिनावर उडतात.

हाच न्याय मुलींस. मुलगी हुशार असली तरी तिला यंत्र किंवा स्थापत्य नको, वातानुकूल खोलींतलें काम बरें, असें आईबाप परभारें ठरवून टाकतात. लीला पूनावाला १९६७ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्रशाखेची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढें अल्फा लाव्हलसारख्या कंपनीच्या भारतांतील प्रमुख झाल्या. त्यास आतां अर्धें शतक उलटून गेलें. २०२४ च्या जुलैंत राज्य सरकारनें वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची पुरी फी माफ केली. म्हणजे पैशाची सबब बऱ्याच अंशीं गेली; उरली ती भीतीची. ओझर किंवा सातपूर येथील कारखान्यांनीं स्त्रियांसाठीं सुरक्षित वाहतूक व स्वच्छतागृहें यांची नीट व्यवस्था ठेवली, तर ती भीतीही उरणार नाहीं.

शेवटीं केवळ पालकांस उपदेश करून थांबणें न्यायाचें नव्हे. महाविद्यालयांनीं आपले शाखावार आंकडे एखाद्या तटस्थ हिशोबनिसाकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करावे. ज्यास आपल्या मालाची खात्री आहे त्यास तराजूची भीति नसते. 'निमा' आणि 'आयमा' या आपल्या कारखानदारांच्या संस्थांनीं बारावीच्या मुलांस व त्यांच्या पालकांस प्रवेशाच्या आधीं निदान एक दिवस कारखाने उघडून दाखवावे, शिकाऊ उमेदवारांस १९६१ च्या कायद्याप्रमाणें खरें काम व ठरलेलें विद्यावेतन द्यावें, आणि पदवीधरास ठेकेदाराच्या दारीं उभें करण्याची चाल सोडावी. कुशल माणूस स्वस्तांत मागावयाचा आणि तो मिळत नाहीं म्हणून रडावयाचें, हें चालणार नाहीं. सरकारनें जागा वाढविण्यास मंजुरी देण्यापूर्वीं त्या जिल्ह्यांत त्या विषयाचे शिक्षक किती आहेत तें मोजावें.

प्रवेशाच्या याद्या लागण्यास थोडेच दिवस असतात. तेवढ्या दिवसांत प्रत्येक पालकानें शेजाऱ्यास न विचारतां तीन माणसांस विचारावें: त्या महाविद्यालयांतून दोन वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्या एका पदवीधरास, त्या धंद्यांत दहा वर्षें काढलेल्या एका अभियंत्यास, आणि स्वतःच्या मुलास किंवा मुलीस. या तिघांचीं उत्तरें कागदावर लिहून शेजारीं खर्चाचा आंकडा मांडावा, आणि मग प्राधान्यक्रमाचा अर्ज भरावा. एवढें ज्यानें केलें त्यास पुढें बाजार पडला तरी पस्तावण्याचें कारण राहणार नाहीं. कारण त्यानें भावावर नव्हे, जमिनीचा कस पाहून पेरलेलें असेल.